अ‍ॅल्युमिनियम पॉटमधले बबल: व्हीओएफ की युलर-युलर?

बाथफ्लो_नागपूर: नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टला हॉल-हेरू सेल घेतलाय (वितळलेल्या बाथमध्ये विरघळलेल्या अ‍ॅल्युमिनापासून विजेने अ‍ॅल्युमिनियम काढायचा पॉट). ओपनफोम या प्रवाहाच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये एकाच अ‍ॅनोडचं (वरच्या कार्बनच्या इलेक्ट्रोडचं) २डी मॉडेल, व्हीओएफ (प्रत्येक बबलची सीमा पकडणारी पद्धत), अ‍ॅनोड ते मेटल (तळाचं वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम) अंतर ४.५ सेंमी, करंट डेन्सिटी ०.८ अँपिअर प्रति चौ. सेंमी, अ‍ॅनोडच्या तळातून सीओटू सोडतोय. होतं असं की थोड्या वेळात सगळे बबल एकमेकांत मिसळून तळाला एक अख्खी चादर तयार होते, ती निघतच नाही, आणि निघाली की एकदम धक्क्याने निघते आणि बाथचा वेग कैच्या कै दाखवतं. मेश (गणिताची जाळी) बारीक केला तरी तेच. गाईड म्हणतात युलर-युलर कर (एकेक बबल न पकडता गॅस आणि बाथ एकमेकांत मिसळलेले दोन प्रवाह धरायचे), सीनियर म्हणतो लॉरेन्ट्झ फोर्स (करंटमुळे लागणारा चुंबकीय फोर्स) नाही घेतला तर सगळं फुकट. काय करू?

जाळीवाला: आधी गॅसचा आकडा तपास. एका सीओटू रेणूमागे ४ इलेक्ट्रॉन, म्हणजे तुझ्या करंट डेन्सिटीला चौ. मीटरमागे सेकंदाला ०.०२ मोल, आणि ९६० अंशाला एक मोल गॅस जवळपास १०० लिटर जागा घेतो, तेव्हा इनलेट वेग (तळातून गॅस सोडायचा वेग) सेकंदाला २ मिमीच्या आसपास यायला हवा. खोलीच्या तापमानाची गॅस डेन्सिटी राहिली असेल तर एक चतुर्थांशच गॅस सुटतोय.

पण चादरीचं खरं कारण मला २डी वाटतं. २डीमध्ये बबल म्हणजे कागदाच्या आत लांबच लांब गेलेलं नळकांडं, बाथला त्याच्या बाजूने वाट काढता येत नाही मग तो नुसता पुढे ढकलला जातो. ३डीत अर्धा अ‍ॅनोड घे, सिमेट्री लाव, कडा गोल कर (वापरलेल्या अ‍ॅनोडच्या कडा गोलच असतात), आणि काँटॅक्ट अँगल (बबलची कड कार्बनला ज्या कोनात टेकते तो) डिफॉल्ट ठेवू नकोस. अ‍ॅल्युमिना कमी झाला की बाथ कार्बनला नीट भिजवत नाही, बबल पसरून चिकटतात, अ‍ॅनोड इफेक्टच्या (पॉटचं व्होल्टेज एकदम उसळतं त्याच्या) आधी तेच होतं.

पॉटलाइन_ओडिशा: सीनियरचं अर्धं बरोबर आहे. मेटलचं फिरणं आणि त्याच्यावरच्या लाटा हे चुंबकीय फोर्सचंच काम, मेटल २.३ आणि बाथ २.१ घनतेचा, एवढ्याशा फरकावर ती सीमा उभी असते म्हणून सहज हलते. पण अ‍ॅनोडखालचा बाथ मुख्यतः बबलच हलवतात. आम्हाला तर हे पॉटच्या व्होल्टेजमध्येच दिसतं, सेकंदाला एखाद-दुसरा झटका म्हणजे बबल सुटतायत, आणि तीस-चाळीस सेकंदांचा संथ हेलकावा दिसला की मेटल डोलतंय. तुला स्लॉटवाल्या (गॅस निघायला तळाला खाचा पाडलेल्या) अ‍ॅनोडचा अभ्यास करायचा असेल तर बबलवरच लक्ष दे. आणि स्लॉट घेतलास तर लक्षात ठेव, अ‍ॅनोड रोज साधारण दीड सेंमी झिजतो, स्लॉट संपला की शेवटचे दिवस तो सपाट तळानेच चालतो. कोणी हे मॉडेलमध्ये दाखवत नाही याचं मला फार वाईट वाटतं, पॉटवर फरक तिथेच पडतो.

बाथफ्लो_नागपूर: खूप आभार दोघांचे. इनलेट वेग २.१ मिमी येतोय म्हणजे गॅस ठीक आहे. ३डी घेतो. पण पूर्ण पॉटमध्ये अ‍ॅल्युमिना कसा मिसळतो हेही गाईडना हवंय, तेही व्हीओएफनेच?

जाळीवाला: नाही रे, ३०० केएच्या (३ लाख अँपिअरच्या) एका पॉटमधून सेकंदाला ७५-८० लिटर गॅस निघतो, एकेक बबल पकडत बसलास तर डिग्री संपेल पण रन संपणार नाही. पूर्ण पॉटला युलर-युलर, बबलचा आकार आणि ड्रॅग (बबलला बाथचा होणारा विरोध) एका अ‍ॅनोडच्या व्हीओएफवरून घे, लॉरेन्ट्झ फोर्स वेगळा काढून समीकरणात सोर्स टर्म (बाहेरून जोडलेला फोर्स) म्हणून टाक. म्हणजे गाईड आणि सीनियर दोघांचंही होतं.

पॉटलाइन_ओडिशा: आणि पडताळणीला वॉटर मॉडेल (बाथऐवजी पाणी भरलेला टँक) बघा. बाथ आणि पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (व्हिस्कॉसिटी भागिले डेन्सिटी) जवळजवळ सारखी, सरफेस टेन्शन भागिले डेन्सिटीही जवळपास, म्हणून खऱ्या मापाचा काचेचा टँक चालतो. फक्त पाणी टँकमधल्या तळाला जसं भिजवतं तसा बाथ कार्बनच्या तळाला भिजवत नाही, बबल कुठे चिकटतो ते पाण्यावरून ठरवू नका. नागपूरलाच आहात तर वाडीच्या जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम केंद्रात गाईडना घेऊन एकदा जाऊन या.