अनुभव धागा: गावची जुनी नगरपालिका

परवा आमच्या जुन्या नगरपालिकेच्या दारावरचा चुना सुटला आणि खाली दगडात कोरलेलं ‘पूर्व खानदेश’ उघडं पडलं. खानदेशचे दोन जिल्हे झाले १९०६ मध्ये. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. म्हणजे इमारत त्यानंतरची. आता खाली मोडक्या घंटागाड्या, वर अभ्यासिका. तुम्ही कशाला गेला होतात तिथं? लिहा.

वांग्याचं भरीत: जकातीला! मामांनी आणलेला तेलाचा डबा नाक्यावर अडकला, तो सोडवायला. १९९९ ला नगरपालिकांची जकात उठली, नाक्यावरचे कारकून इथं आले आणि खुर्च्या पुरेनात.

पंच्याहत्तरी पार: १९६२ च्या लढाईत संध्याकाळी कर्ण्यावरून बातम्या लागायच्या. ओट्यावर म्हातारे, रस्त्यात बाया उभ्या. कुणी खोकलं तरी दहा जण डोळे वटारायचे.

शिपायाचा पोरगा: मना बाप तठेच शिपाई व्हता. दर तासाला टोल द्यायचा, गावाची घड्याळं त्यावर. एकदा भाकर खाऊन डोळा लागला, बाराचे टोल साडेबाराला पडले. शाळा अर्धा तास उशिरा सुटली. मास्तर काही बोलले नाहीत, पोरांनी मात्र मला आठवडाभर धुतलं.

माहेरवाशीण: पासपोर्टसाठी जन्मदाखला काढायला गेले. नोंदवहीत तारीख, वडिलांचं नाव, पुढे नुसतं ‘स्त्री’. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याआधीची. नाव येणार कुठून? चार खेपा झाल्या. शेवटी कारकून म्हणाले, “ताई, ही तुम्हीच, याचा काहीतरी कागद आणा.”

दोन वर्षं अभ्यासिकेत: अभ्यासिकेचं कौतुक पुरे, भो. मूळ छत धाब्याचं होतं. सागाच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यातही आत गार. ते उतरवून पत्रे टाकले. बाहेर ४५ अंश, आत आम्ही राज्यघटना पाठ करतोय.

धागाकर्ता: आणि त्या कोरीव अक्षरांवर चुना कुणी फासला असेल?

शिपायाचा पोरगा: मना बापनीच. महाराष्ट्र झाल्यावर जिल्ह्याचं नाव जळगाव झालं, तेव्हा जुनं नाव छिन्नीनं काढून टाक म्हणून त्याला सांगितलं. त्यानं चुन्याचे तीन हात दिले आणि काढलं म्हणून कळवलं.