रील बघायला मजा येत नाही तरी बोट थांबत का नाही?

रातकिडा:
जेवण झालं की आडवा होतो आणि रील सुरू. खरं सांगतो, एखादीच बरी निघते बाकी सगळा कचरा, तरी तासभर चालूच... डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल ना? मग आनंदच होत नाहीये तर मेंदूला मिळतं काय??

मेंदूवेडी:
"आनंदाचं केमिकल" हे व्हॉट्सॲप ज्ञान, सोडून द्या. केंट बेरिज या मेंदू-संशोधकाच्या प्रयोगात ज्या उंदरांचं डोपामिन जवळपास संपवलेलं ते समोरचं खाणंसुद्धा खात नव्हते, नळीने भरवावं लागायचं, पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की मिटक्या मारायचेच. म्हणजे आवड शाबूत, हाव गायब. तुमचं उलटं झालंय.

खवट_काका:
शुल्ट्झ नावाच्या मेंदू-संशोधकाची माकडं पण बघा. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं की डोपामिनच्या पेशी रसाला नाही, दिव्यालाच उसळतात आणि रस दिलाच नाही तर नेमक्या त्या क्षणी गप्प पडतात. सगळा खेळ अंदाजाचा. पुढची रील कशी निघेल ते माहीत नसतं म्हणून तर बोट सरकतं ना भाऊ

रातकिडा:
पटलं. पण सोडू कसं, विलपॉवरच्या नावाने बोंब आहे आपली

मेंदूवेडी:
सवय मुरली की कारभार स्ट्रायटमच्या (मेंदूच्या आतला एक भाग) वरच्या-बाहेरच्या बाजूकडे जातो, तिथे मजा आली का वगैरे कोणी विचारत नाही, खूण दिसली की काम सुरू. त्यामुळे खूणच, म्हणजे फोनच, हलवा, चार्जर स्वयंपाकघरात लावा.

खवट_काका:
आणि तिथे गेलाच आहात तर भांडी पण घासून टाका 😄