मदत हवी आहे: टायरमध्ये हवा भरायला पोर्टेबल कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

घाटवाट
बजेट तीन हजार. ऑनलाइन सगळे सारखेच दिसतात, सगळ्यांवर १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय. शनिवारी पहाटे पुण्याहून चिपळूणला निघायचंय, कुंभार्ली घाटाने. आज मागवला तरच वेळेत येईल. कोणता घेऊ एवढंच सांगा, प्लीज.

पाना_बारा
टायरचा साइज काय? टायरच्या बाजूवर लिहिलेला असतो. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर किती वॅट लिहिलंय? स्टेपनी आहे का? या तीन गोष्टी कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

तोवर १५० पीएसआयकडे बघू नका. तुम्हाला ३२ ते ३६ लागणार, तेवढं कुठलाही कॉम्प्रेसर देतो. बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि सलग किती मिनिटं चालवता येतो.

घाटवाट
चारचाकी आहे, पेट्रोल, ट्यूबलेस. सॉकेट नेहमीचंच आहे.

मृगाचा_पाऊस
बॅटरीवाला घ्या, विचार करू नका. वायर नाही, गाडी सुरू ठेवायची गरज नाही, स्कूटरलाही चालतो. पीएसआय सेट केला की आपोआप बंद होतो.

कोयनाकाठ
स्कूटरसाठी उत्तम, मोटारीसाठी नाही. त्यात लिथियमचे दोन-तीन सेल असतात. मोटारीचं टायर पूर्ण बसलं असेल तर एक भरेपर्यंतच बॅटरी खाली येते. शिवाय लोक तो डिकीत टाकून विसरतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत सेल लवकर खराब होतात, आणि सहा महिन्यांनी लागेल तेव्हा चार्ज नसतो. १२ व्होल्टवाल्याला चार्जिंगची भानगड नाही.

मृगाचा_पाऊस
महिन्यातून एकदा चार्ज करायला काय जातं? फोन रोज करतोच की.

आबा_सातारा
फूटपंप घ्या, दोन नळकांड्यांचा. वीज नको, फ्यूज नको, बिघडलं तर वॉशर बदलायचा. २८ वरून ३३ करायला अजिबात दमायला होत नाही.

पाना_बारा
आबा, २८ वरून ३३ ठीक. शून्यावरून ३३ करायचं तर ३५ लिटरच्या टायरला जवळपास ८० लिटर हवा आत ढकलावी लागते. रात्री घाटात, पावसात, पायाने? पंप जवळ असू द्यावा हे मान्य, पण त्यावर भिस्त नको.

घाटवाट
साइज बघून आलो. २१५/६० आर१६. सॉकेटवर १२० वॅट लिहिलंय. आता सांगा.

पाना_बारा
हे आधी हवं होतं. १२० वॅट म्हणजे १० अँपिअर. ज्या कॉम्प्रेसरवर १५ अँपिअर किंवा १८० वॅट लिहिलंय तो या सॉकेटवर लावायचा नाही. फ्यूज लगेच नाही जाणार, पण ३० पीएसआयच्या पुढे दाब वाढला की कॉम्प्रेसरची मोटार जास्त करंट ओढते आणि नेमका तेव्हा फ्यूज उडतो. असा मोठा घ्यायचाच असेल तर बॅटरीला थेट क्लिपा लावायचा घ्या.

तुमच्या टायरात साधारण ३५ लिटर जागा. १० अँपिअरवाल्यावर ३० लिटर प्रतिमिनिट छापलेलं असलं तरी तो आकडा मोकळ्या नळीचा. टायरातल्या दाबाविरुद्ध त्याच्या निम्मे धरा. म्हणजे २८ वरून ३३ ला मिनिटभर, शून्यावरून पाच-सहा मिनिटं. तेवढ्याने तुमचं काम भागतं. बहुतेक छोटे कॉम्प्रेसर सलग दहा-पंधरा मिनिटं चालवून तेवढाच वेळ थंड करायचे असतात. चारही टायर एका दमात भरू नका.

दुरुस्ती_कट्टा
फ्यूज उडत असेल तर २० अँपिअरचा टाका, दहा रुपयांचं काम.

कोयनाकाठ
कृपया हे करू नका. फ्यूज वायरच्या जाडीवर ठरलेला असतो. मोठा टाकला की फ्यूज वाचतो आणि डॅशबोर्डमागची वायर तापून वितळते. गाड्यांना आग लागते ती अशाने. धागाकर्त्यांनी हा सल्ला वाचला असेल तर विसरून जा.

दुरुस्ती_कट्टा
पाच मिनिटांत काही होत नाही.

कोयनाकाठ
पाच मिनिटांत इन्सुलेशन मऊ होतं. त्यानंतरच्या वर्षभरात काय होतं ते तुम्ही बघायला नसता.

रंगारी
२५ लिटरच्या टाकीचा, २३० व्होल्टचा घ्या. टायर, गाडी धुणं, स्प्रे पेंटिंग सगळं होतं. टाकीतलं पाणी खालच्या नळाने रोज काढायचं, नाहीतर आतून गंजते.

घाटवाट
अहो, गाडीत न्यायचाय. आणि मागचं डावं टायर दर आठवड्याला चार-पाच पीएसआय उतरतं म्हणून तर घेतोय.

पाना_बारा
मग मुद्दा वेगळाच आहे. चांगलं टायर महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतं. आठवड्याला पाच म्हणजे गळती. हवा ३५ पर्यंत भरा, साबणाचं पाणी फवारा आणि या क्रमाने बघा: व्हॉल्व्हचं तोंड, व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर, टायरचा रस्त्याला टेकणारा पृष्ठभाग, मग रिमची कड दोन्ही बाजूंनी. तोंडाशी बुडबुडे आले तर आतली पिन घट्ट करा किंवा बदला. बुडाशी आले तर व्हॉल्व्ह बदलायचा. कडेला आले तर पंक्चरवाल्याकडे टायर उतरवून रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, बीड सीलर (कड हवाबंद करणारा लेप) लावायला सांगा. खिळा दिसला तर घरी उपटू नका. हे शनिवारच्या आत करा. कॉम्प्रेसर गळती थांबवत नाही.

सकाळी_फिरायला
नायट्रोजन भरून टाका, महिनोन्‌महिने बघायला नको.

पाना_बारा
हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच. गळकं टायर नायट्रोजनही तितक्याच इमानाने सोडतं. पुढचं बोलणं नायट्रोजनच्या वेगळ्या धाग्यावर.

घाटवाट, स्टेपनीचं उत्तर अजून नाही.

घाटवाट
स्टेपनी दिलीच नाही कंपनीने. डिकीच्या मॅटखाली एक काळी पेटी आणि बाटली आहे, ती पंक्चरसाठी असते ना?

कोयनाकाठ
थांबा, काही मागवू नका. ती पेटी म्हणजेच १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकता येते, तुमची गाडी तसली आहे. त्या सॉकेटसाठीच बनवलेला असल्यामुळे फ्यूजचा प्रश्न नाही.

फक्त एक बघा. काही किटमध्ये हवेची नळी बाटलीतून जाते, काहींमध्ये थेट. नुसती हवा भरताना थेट नळी लावायची, नाहीतर टायरात बाटलीतल्या सीलंटचा, म्हणजे भोक बुजवणारा, चिकट रस जाईल. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. बाटलीवर मुदतीची तारीखही असते, ती वाचा.

मृगाचा_पाऊस
ते किटवाले फार सावकाश आणि आवाज करणारे असतात.

पाना_बारा
सावकाश चालेल. सीलंट फक्त पृष्ठभागावरच्या लहान भोकाला, साधारण सहा मिलिमीटरपर्यंत. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर उपयोग नाही. सीलंट टाकल्यावर वेग ८० च्या आत ठेवायचा. म्हणून त्या तीन हजारांतून आधी स्ट्रिपचं (भोकात कोंबायच्या रबरी पट्ट्यांचं) पंक्चर किट घ्या: भोक साफ करायचा रीमर, पट्टी आत ढकलायची सुई, पाच-सहा स्ट्रिप, रबर सोल्युशन. शिवाय दाब मोजायचा एक वेगळा हातातला गेज. कॉम्प्रेसरवरचा काटा हवा चालू असताना जास्त दाखवतो, बंद करून वाचायचा. उरलेले पैसे ठेवा.

दाब पहाटे निघण्याआधी, टायर थंड असताना, दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. सामान भरलेलं असेल तर त्यावरचा जास्तीचा आकडा. पाटणला पोचल्यावर तीन-चार वाढलेले दिसतील, ते सोडू नका.

घाटवाट
पेटी उघडली. वायर मागच्या चाकापर्यंत पोचत नाही, दोन हात कमी पडतेय. डिकीतही एक सॉकेट दिसतंय, त्यावर चालेल?

कोयनाकाठ
त्यावरही १२० वॅट लिहिलं असेल तर चालेल. आधी इग्निशन चालू करा, काही गाड्यांत मागचं सॉकेट त्याशिवाय बंद असतं. इंजिन सुरू असू द्या, बंद गॅरेजमध्ये मात्र नाही. आणि आधी साबणाचं पाणी.