हा विरोध सैतानाचा की आपल्या चुकीचा, हे सेवाकार्यातील पुढाऱ्याने कसे ओळखावे?

प्रश्न : नांगरावरचा हात

ख्रिस्तामध्ये सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी सात जणांच्या एका लहान सुवार्ता-गटाचा पुढारी आहे. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज येथे मांडत आहे.

गेल्या दोन वर्षांत आमच्यावर एकामागून एक अडचणी आल्या. दोन सहकारी सेवा सोडून गेले, एका भगिनीचे आजारपण लांबले, ज्या वस्तीत लोक आम्हाला आपणहून बोलावत असत तेथे आमच्याविषयी अफवा पसरल्या, आणि नियमित देणगी देणाऱ्यांपैकी काहींनी हात आखडता घेतला. प्रत्येक वेळी मी गटाला एकच सांगत आलो की हा शत्रूचा हल्ला आहे आणि आपण उपास-प्रार्थनेत टिकून राहिले पाहिजे. हे मी मनापासून सांगत होतो. सुवार्तेला आत्मिक विरोध होतो यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे.

परंतु मागील महिन्याच्या बैठकीत आमचा हिशेब पाहणारा तरुण बंधू उभा राहिला आणि त्याने प्रवासखर्चाविषयी विचारले. त्याच्या हातात वहीतून उतरवून घेतलेला कागद होता आणि त्यातील तीन नोंदींखाली पेन्सिलने रेघ ओढलेली होती. त्याचा स्वर नम्र होता. मी मात्र सर्वांसमोर म्हणालो की सैतानाला बाहेरून जमले नाही, म्हणून तो आता आतून फूट पाडू पाहत आहे. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो खाली बसला. त्या दिवसापासून तो प्रार्थनेला येतो, पण मोठ्याने प्रार्थना करीत नाही.

माझ्या तोंडून गेलेले ते वाक्य मला झोपू देत नाही. खरा आत्मिक विरोध कोणता, आणि आपल्या उणिवेमुळे ओढवलेली अडचण कोणती, हे पुढाऱ्याने कशावरून ओळखावे? ज्यांनी सेवेत बरीच वर्षे घालवली आहेत त्यांनी कृपया स्पष्ट लिहावे.

उत्तर १ : जुना पहारेकरी

बंधू, आपण स्वतःची चूक न झाकता प्रश्न मांडला आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो.

प्रथम प्रेषित पौलाकडे पाहा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पौल व त्याचे सोबती आसिया प्रांतात वचन सांगू इच्छीत असता पवित्र आत्म्याने त्यांना मनाई केली, आणि ते बिथुनियाकडे वळू लागले तेव्हा येशूच्या आत्म्याने त्यांना जाऊ दिले नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिताना मात्र तोच पौल सांगतो की तुमच्याकडे यावे असे मला पुनःपुन्हा वाटले, पण सैतानाने आम्हाला अडवले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तर कारण तिसरेच आहे : जेथे ख्रिस्ताचे नाव अजून पोहोचले नव्हते तेथील काम हाती होते, म्हणून रोमला येणे राहून गेले. वाट अडली होती ती तिन्ही वेळा. पौलाने मात्र प्रत्येक वेळी कारण वेगळे ओळखले, आणि त्रोवसास दर्शन झाल्यानंतरचा निष्कर्षही एकट्याने न काढता सोबत्यांसह काढला, कारण तेथे लेखक ‘आम्ही’ असे लिहितो.

आणखी एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून सुटते. सैतानाने अडवले असे म्हणून पौल तेथेच थांबला नाही. स्वतःला जाता येईना तेव्हा त्याने अथेनैत एकटे राहणे पत्करून आपला सहकारी तीमथ्य याला पाठवले, आणि तीमथ्य बातमी घेऊन परतल्यावर पत्र लिहिले. आपल्या गटात ‘हल्ला’ हा शब्द उच्चारल्यानंतर पुढे कोणते काम घडले, हे आपण आठवून पाहावे. शब्द उच्चारला आणि चर्चा संपली, असे वारंवार होत असेल तर तो शब्द आपण ढालीसारखा वापरत होतो असे समजावे. मी स्वतः तो तसा वापरला आहे, आणि त्यामुळे एक चांगला सहकारी गमावला आहे.

आता नहेम्या, यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधणारा यहूदी सुभेदार. यरुशलेमेचा कोट बांधताना सनबल्लट, तोबीया व गेशेम यांनी केलेला विरोध आपण सर्व जण प्रवचनात ऐकत आलो आहोत : चौथ्या अध्यायातील थट्टा आणि हल्ल्याची धमकी, सहाव्या अध्यायात ओनोच्या मैदानात भेटीला ये म्हणून चार वेळा आलेला तोच निरोप, पाचव्या वेळी आलेले उघडे पत्र, आणि शेवटी पैसे घेऊन खोटी भविष्यवाणी सांगणारा शमाया. पण या दोहोंच्या मधोमध पाचवा अध्याय आहे. एका हाताने काम आणि दुसऱ्या हातात शस्त्र अशा ऐन अडचणीच्या वेळी गरीब यहूदी व त्यांच्या स्त्रिया ओरड करीत आल्या की आमचीच भावंडे आमची शेते गहाण घेत आहेत आणि आमची मुले दास होत आहेत. नहेम्याला सहज म्हणता आले असते की शत्रू वेशीवर असताना अशी तक्रार करणारे सनबल्लटाला मदत करीत आहेत. त्याने तसे म्हटले नाही. त्याला संताप आला, त्याने मनात विचार केला, मग सरदारांना दोष दिला आणि मोठी सभा भरवली. त्या सभेत त्याने ‘मी व माझे भाऊबंद व माझे चाकरही’ लोकांना पैसा व धान्य उसने देत आहोत असे सांगून स्वतःला त्या प्रश्नातून वगळले नाही. बारा वर्षे आपण सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, हेही तो त्याच अध्यायाच्या शेवटी नमूद करतो.

आपल्या बैठकीत उभा राहिलेला तो तरुण पाचव्या अध्यायातला होता, आणि आपण त्याला सहाव्या अध्यायातला समजलात. पुढे कोट बावन्न दिवसांत पुरा झाला. ती तक्रार ऐकून घेण्यात गेलेला वेळ त्या बावन्न दिवसांतलाच असावा, असे मला नेहमी वाटते.

उत्तर २ : दोन टोल्या

मी एका सेवासंस्थेचे हिशेब बरीच वर्षे पाहिले आहेत, म्हणून त्या तरुण बंधूच्या बाजूने लिहिते. असा कागद हातात घेऊन सर्वांसमोर उभे राहणे फार जड जाते. त्याने आधी कित्येक दिवस प्रार्थना केली असेल आणि तो कागद दोनदा घरी ठेवून आला असेल. अशा माणसाला सैतानाचे हत्यार म्हटले की त्याचा आवाज तर बंद होतोच, पण ते पाहणारे इतरही मनात ठरवून टाकतात की आपण काही विचारायचे नाही. आपल्या गटातील जे दोघे सोडून गेले, त्यांनी जाण्यापूर्वी काही विचारले होते का? हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही, परंतु आपण ते आठवावे.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचावा. यरुशलेमेतील गरजवंत विश्वासी लोकांसाठी जमवलेली मदत नेताना पौल ती एकटा हाती घेत नाही. तीताबरोबर तो आणखी एका भावाला पाठवतो, जो मंडळ्यांनीच निवडलेला आहे, आणि कारणही लिहितो की या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने जे चांगले ते करण्याची आम्ही खबरदारी घेतो. माणसांच्याही, हे शब्द पौलाचे आहेत. प्रेषिताला साक्षीदार लागला, तर आपल्याला का लागू नये?

बंगालमधील सेरामपूरच्या मिशनरी कामाची हकीकत मला या संदर्भात नेहमी आठवते. विल्यम केरी यांचे नाव मराठी वाचकाला परके नाही, त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. ११ मार्च १८१२ रोजी त्यांच्या छापखान्याला आग लागली. केरी त्या दिवशी कलकत्त्यात होते. त्यांचे सहकारी विल्यम वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करवून आग कोंडून धरली होती आणि छतातून पाणी ओतणे चालू होते, तोच कोणीतरी एक खिडकी उघडली आणि ज्वाळा सर्वत्र पसरल्या. कागद, खिळे (छपाईची धातूची अक्षरे), हस्तलिखिते, वर्षानुवर्षे जमवलेली शब्दसामग्री जळाली. पण छपाईयंत्रे वाचली, राखेत ठसे सापडले, त्यांवरून खिळे पुन्हा ओतले गेले आणि थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. ते नुकसान भरून निघाले. भरून निघायला फार काळ लागला तो नंतरच्या वादाला : मायदेशातील त्यांच्याच संस्थेशी मालमत्तेचा ताबा आणि अधिकार यांवरून अविश्वास वाढत गेला, १८२७ मध्ये सेरामपूरचे बंधू संस्थेपासून वेगळे झाले, आणि काम पुन्हा एकत्र येईपर्यंत केरी हयात नव्हते. त्यांचा १८३४ मध्ये मृत्यू झाला. त्या वादात दोन्हीकडे प्रामाणिक, प्रार्थना करणारी माणसे होती. म्हणूनच मला ती हकीकत आगीहून अधिक भयंकर वाटते.

उत्तर ३ : गुडघ्यांवर

वरील दोन्ही उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण त्यांतून असा समज होऊ नये की हिशेब नीट ठेवले आणि बैठका मोकळेपणाने घेतल्या की आत्मिक विरोध उरत नाही. मी ज्या सेवकांबरोबर काम केले त्यांत पैशाच्या बाबतीत निर्मळ, स्वभावाने नम्र आणि तरीही वर्षानुवर्षे अंधारातून गेलेले लोक होते. त्यांना ‘तुमचे कोठे चुकले ते शोधा’ असे सांगणे म्हणजे दुःखात असलेल्या ईयोबालाच दोषी ठरवणाऱ्या त्याच्या मित्रांचे काम करणे होय.

अमेरिकन मिशनरी अदोनिराम जडसन १८१३ मध्ये बर्मातील रंगूनला पोहोचले आणि पहिला बर्मी विश्वासी बाप्तिस्मा घेण्यास पुढे आला १८१९ मध्ये. ब्रिटिशांशी युद्ध सुरू झाल्यावर १८२४ मध्ये त्यांना हेर समजून आवा या तेव्हाच्या राजधानीत तुरुंगात टाकले, आणि सुमारे दीड वर्ष त्यांनी बेड्यांत काढले. त्यांच्या पत्नी ॲन यांनी बायबलच्या भाषांतराचे हस्तलिखित एका उशीत शिवून त्यांच्याजवळ पोहोचवले होते. सुटकेनंतर १८२६ मध्ये ॲन वारल्या, काही महिन्यांत लहान मुलगी गेली, आणि जडसन इतके खचले की रानात झोपडी बांधून एकटे राहू लागले. त्यांनी स्वतःची कबर खणली आणि ते तिच्या काठावर बसून राहात. याला आत्मिक हल्ला म्हणावे की शोक? मला वाटते ही दोन नावे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. त्यांनी बर्मी बायबलचे भाषांतर १८३४ मध्ये पूर्ण केले.

म्हणून पहिल्या उत्तरातील विभागणी मला थोडी अधिक नीटस वाटते. पौल आपल्या देहातील काट्याला, म्हणजे सतत जाचणाऱ्या एका त्रासाला, सैतानाचा दूत म्हणतो, आणि त्याच वाक्यात सांगतो की तो मला गर्व होऊ नये म्हणून देण्यात आला. एकच गोष्ट, आणि तिच्यात शत्रूचा हात आहे तसा देवाचाही हेतू आहे. फिलिप्पैत एका दासीच्या अंगात खरोखर भविष्य सांगणारा दुष्ट आत्मा होता, पण पौलाने तो काढल्यावर तिच्या धन्यांनी त्याला पकडले ते आपल्या कमाईची आशा गेली म्हणून, आणि अधिकाऱ्यांपुढे आरोप केला तो तिसराच, आपल्या रिवाजांविरुद्ध शिकवण्याचा. विरोध असाच गुंतलेला असतो. आपण प्रत्येक धागा सोडवू शकणार नाही.

परंतु दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. इफिसकरांस पत्रात आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही असे पौल लिहितो, आणि ते वचन आपण विरोधकांना उद्देशून वाचत असलो तरी त्याचा अर्थ असा की रक्तमांसाचा कोणताही माणूस आपला शत्रू नाही, मग तो वस्तीतला असो की बैठकीतला. आणि वस्तीतील अफवांविषयी : इफिसात देवीचे देव्हारे बनवणाऱ्या देमेत्रियाने दंगल माजवली तेव्हा नगराचा लेखक, जो विश्वासी नव्हता, लोकांना म्हणाला की या माणसांनी देऊळ लुटलेले नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. पौलाने त्या नगरात वचन सांगताना जीभ कशी आवरली असेल, याचा हा पुरावा आहे. आपल्या गटाविषयी त्या वस्तीतील एखादा अविश्वासी पण न्यायी मनुष्य अशी साक्ष देईल का, हे कोणाला तरी भेटून विचारा. तो एखादा न पाळलेला शब्द सांगेल, किंवा काहीच सांगणार नाही. सांगण्यासारखे काहीच निघाले नाही, तर मग त्याला शत्रूचा विरोध म्हणण्याची भीती न बाळगता प्रार्थनेला लागा, आणि त्या प्रार्थनेत त्या तरुणालाच पुढे करा.

पुन्हा : जुना पहारेकरी

‘गुडघ्यांवर’ यांचा आक्षेप मी मान्य करतो. काट्याचा दाखला माझ्या लक्षात यायला हवा होता.

बंधू, एक व्यावहारिक सूचना राहून गेली. आपण त्या तरुणाला एकांतात गाठून क्षमा मागण्याच्या विचारात असाल तर तेवढे पुरेसे नाही. ते वाक्य सर्वांसमोर बोलले गेले होते.

पुन्हा : नांगरावरचा हात

आपणा सर्वांचा मी अत्यंत ऋणी आहे. दहा दिवस उत्तर दिले नाही, कारण आधी करायचे होते ते करून मग लिहावे असे ठरवले.

‘दोन टोल्या’ ताईंनी विचारलेले मी आठवून पाहिले. जे दोघे गेले त्यांपैकी एकाने जाण्याच्या चार महिने आधी मला कामाची वाटणी कोण ठरवते असे विचारले होते. मी त्याला काय उत्तर दिले ते मला आठवत नाही, आणि याचेच मला दुःख होते. त्याला पत्र लिहिले आहे.

बैठकीत मी माझे ते वाक्य पुन्हा जसेच्या तसे उच्चारले, ते चुकीचे आणि खोटे होते असे सांगितले, आणि त्या बंधूची सर्वांसमोर क्षमा मागितली. मग मी त्याला तो कागद आणला आहे का असे विचारले. तो कागद त्याच्या पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ठेवलेला होता, घडीच्या जागी मळलेला. आम्ही दोघांनी वही उघडून तिन्ही नोंदी तपासल्या. दोन पावत्या माझ्या पिशवीत सापडल्या. तिसरी सापडली नाही, म्हणून ती रक्कम माझ्या नावावर घालायला मी सांगितले, आणि त्याने ती पेन्सिलीने न लिहिता शाईने लिहिली.

वस्तीत विचारायला येत्या आठवड्यात आम्ही दोघे मिळून जाणार आहोत. कृपया त्यासाठी प्रार्थना करावी.