अनुभव धागा: झोप कमी, काटा वर. तुमचं काय?

लोटे_नाईट: लोटे एमआयडीसीत आहे, नाईट ११ ते ७, चार वर्षांत ६८ चा ८१ झालो. घरचे म्हणतात खाणं वाढलंय, पण खरी गंमत पहाटे ३ ची, तेव्हा पोटात असा खड्डा पडतो की फरसाणचा पुडा कधी संपला कळतच नाही, आणि सकाळी येऊन झोपावं तर वर पत्रा तापलेला न शेजारचा कोंबडा सुरू. जेमतेम ४ तास. तुमचे अनुभव टाका.

हर्णैवाली: माझं उलट. बाजारासाठी ३ ला उठते, वीस वर्षं ५ तासांवर झोप नाही, वजन ५४ च. पण दिवसभर पाटी घेऊन फिरते हो, तुम्ही खुर्चीत बसता का ते सांगा आधी.

तांडेलीण: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, नवरा घरी. सगळ्यांना वाटतं बसून फुगणार, पण यंदा पट्टा एक भोक आत गेला! बोटीवर तासतासभर डुलक्या आणि उठला की गोडमिट्ट चहा-बिस्किटं. घरी ९ ला आडवा तो थेट ५ ला, पेज आणि सुकट, मध्ये काही मागत नाही.

मालवणी_काका: बायको म्हणायची, "तुमचो डंपर रात्रभर घाट चढता." घोरणं ओ. कोल्हापूरला झोपेची टेस्ट केली, तासाला ३४ वेळा श्वास अडकतो म्हणाले. आता मास्कवालं मशीन लावतो. वजन उतरलं नाही, उलट किलोभर वाढलं, पण दुपारी गल्ल्यावर डुलत नाही आणि संध्याकाळी जेटीपर्यंत चालवतं.

बीएस्सी_चिपळूण: शिकागोत २००४ ला १२ तरुणांना दोन रात्री ४-४ तासच झोपवलं होतं. १० तासांच्या झोपेशी ताडून पाहिलं तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्के कमी, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के जास्त, आणि ओढ गोड-खारटाकडे. म्हणजे तुमचं फरसाण! १२ च जण होते म्हणा. पण २०२२ ला ८० जणांवर केलं, साडेसहा तासांहून कमी झोपणारे, वजन जास्त असलेले. झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली तर खाणं रोजचं २७० कॅलरीने घटलं, डाएट करा असं कुणी सांगितलेलं नसताना.

लोटे_नाईट: खिडकीला गोणपाट मारलंय, डब्यात भाकरी नेतोय. कोंबड्याचं काय करू?

हर्णैवाली: वडे कर रविवारी.