मदत हवी आहे: गावात मोबाईल टॉवर येतोय, ग्रामपंचायतीचा ठराव लागतो की नाही?

भिवापुरी मिरची
नमस्कार मंडळी. मी भिवापूर तालुक्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य. येत्या ग्रामसभेत टॉवरचा विषय आहे अन् नियम आमच्यापैकी कोणालाच धड माहीत नाहीत.

गावात रेंज म्हणजे नशीब. रेशन दुकानदार पॉस मशीन घेऊन कधी ओट्यावर, कधी पाण्याच्या टाकीखाली उभा असतो. ई-पीक पाहणीच्या दिवसांत वावरात फोटो काढायचा अन् तो पाठवायला टेकडी चढायची. त्यामुळे टॉवर नको म्हणणारे थोडेच. भांडण जागेचं आहे.

एक जागा गावठाणातलं खाजगी आवार, जिल्हा परिषद शाळेला लागून. मालक राजी, त्याला भाडं दिसतंय. दुसरी गावाबाहेरची टेकडी, जिथं ढोरं चरतात. सगळे म्हणतात ती गावाचीच, पण सातबारा काढला तं त्यावर 'झुडपी जंगल' निघालं.

कंपनीचा माणूस आधी ना-हरकत ठरावाचा छापील नमुना घेऊन आला, फक्त सही-शिक्का मारा म्हणे. आम्ही चार प्रश्न विचारले तं पुढच्या खेपेला म्हणतो, "ताई, ठराव नाही दिला तरी आमचं काम अडत नाही." मग आधी मागितला काऊन? ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) म्हणतात, वर विचारून सांगतो. वर म्हणजे कुठं, ते सांगत नाहीत.

तर ठराव खरंच लागत नाही का? शाळेपासून किती अंतर हवं? टेकडी देता येते का? आणि टॉवरला कर लावता येतो का? शेजारच्या गावाला मिळतो म्हणे, म्हणून सरपंच त्या कराच्या भरवशावर आत्तापासून नाल्यांचा हिशोब मांडून बसलेत.

निवृत्त विस्तार अधिकारी
ताई, तो माणूस खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 मुळे गावठाणातल्या बांधकामाला पंचायतीची परवानगी ही जुनी सवय. पण ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने मार्गाधिकार नियम (टॉवर, केबल बसवायला जागा वापरण्याचे नियम) बदलले. खाजगी जागेवरच्या टॉवरला स्थानिक परवानगीची अट काढली. काम सुरू करण्याआधी लेखी सूचना आणि ढाचा मजबूत असल्याचा अभियंत्याचा दाखला, एवढं द्यावं लागतं. पुढे दूरसंचार कायदा 2023 आला आणि त्याखालचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. तरी ठराव मागतात, कारण गावातून तक्रार गेली की दाखवायला कागद बरा असतो. नमुन्यावर सही करू नका. स्वतःचा ठराव लिहा, त्यात जनरेटरचा आवाज, कुंपण, शाळेच्या वाटेवर साहित्य न टाकणं, सगळं घाला.

जागा पंचायतीची असली तर गोष्ट वेगळी. तिथं अर्ज घ्यावा लागतो आणि 67 दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरतात. नकार द्यायचा तर कारणासह लेखी. आपल्याकडे अर्ज आवक रजिस्टरला चढवायचा अन् विसरायचा, हा खाक्या इथं अंगाशी येईल.

कराचं मात्र सरपंचांना जरा थांबायला सांगा. टॉवर ही इमारतच, त्यावर मालमत्ता कर घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं. शेजारच्या गावाला मिळतो तो त्याच आधारावर. पण 2023 च्या कायद्याचं कलम 14 म्हणतं की जागेवर बसवलेलं दूरसंचार जाळं मालमत्ता करासाठीसुद्धा त्या जागेचा भाग धरायचं नाही. कंपन्या तेच कलम पुढे करणार. आकारणी करण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांचं लेखी मत घ्या, तोंडी नको.

अँटेनावाला, वर्धा
टॉवरवर चढण्यात बारा वर्षं गेली माझी, म्हणून लिहितो. दूरसंचार विभागाने ठरवलेलं सुरक्षित अंतर मोजतात ते अँटेनाच्या समोर, तेवढ्याच उंचीवर असलेल्या इमारतीपर्यंत. दोन अँटेना असतील तर 35 मीटर, सहा असतील तर 55. तुमची शाळा एकमजली, अँटेना चाळीस मीटरवर. म्हणजे या हिशोबात शाळा येतच नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण पायथ्याशी किरण सर्वांत जास्त हा समज चुकीचा आहे, मुख्य झोत आडवा जातो. 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे 0.45 वॅट. शंका राहिलीच तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर 4,000 रुपये भरून मोजणी मागता येते.

मी तुमच्या जागी असतो तर शाळेजवळ किरणांपेक्षा डिझेल जनरेटरला घाबरलो असतो. दिवसभर धडधड, धूर आणि वर्गात गुरुजींचा आवाज पोहोचत नाही.

सातबारा वाचणारा
टेकडीचा विषय इथंच संपवा. झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला आहे. केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथं खड्डासुद्धा खणता येत नाही, ठराव करा की दहा ग्रामसभा घ्या. नोंद महसूलकडे आहे म्हणून फसू नका.

धानोऱ्याचा पाहुणा
राजेहो, वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरच्या आत जमीन देता येते, त्यात दूरसंचार वाहिन्यापण हायेत. पण ते सरकारनं चालवायच्या सोयींसाठी, अन् हेक्टरी 75 झाडांच्या आत तोड असली तरच. खाजगी कंपनीला ते दार नाही.

अन् हे विषय सोडून, पण सांगतोच: "टॉवरसाठी तुमचं वावर निवडलं, फक्त नोंदणी फी भरा" असा फोन आला तं ठेवून द्या. टॉवरवाला जागामालकाला पैसे देतो, मागत नाही. आमच्याकडे एका काकानं बैल विकून भरले.

भिवापुरी मिरची
सगळ्यांचे आभार. टेकडी बाद. आज सासऱ्यांनी तिसरी जागा सुचवली, पांदणीच्या कडेचं एक वावर, शाळेपासून चांगलं लांब. जनरेटर वाजला तरी फक्त बगळ्यांना ऐकू जाईल. मालक विचार करतोय.

सातबारा वाचणारा
आधी भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग 2 असेल तर करार करण्याआधी महसूलची परवानगी लागेल. वर्ग 1 असेल तर करारात भाडेवाढ किती, मुदत किती, कर आला तर भरायचा कोणी आणि टॉवर बंद पडला तर लोखंड किती दिवसांत उचलणार, हे मालकाला नीट वाचून दाखवा.

भिवापुरी मिरची
बरं. उद्या सातबाऱ्याचा फोटो टाकते. उशीर झाला तं समजून घ्या, टेकडी चढून पाठवावा लागेल.