सिमांडे: उपेक्षित की नशीबवान?

खर्जवाला (धागाकर्ता)
सिमांडे नावाचा फंक (नाचऱ्या ठेक्याचं कृष्णवर्णीय अमेरिकन संगीत) बँड इथे किती जणांनी ऐकलाय? लंडन, १९७१. पोरं गयाना, जमैका, सेंट व्हिन्सेंट अशा कॅरिबियन मुलखातली. फंकमध्ये रास्ताफारी (जमैकातला एक धर्मपंथ) ढोलांचा ठेका मिसळून त्याला ‘न्याह-रॉक’ म्हणायची. १९७२च्या पहिल्या अल्बममधलं ‘द मेसेज’ अमेरिकेत चार्टवर चढलं, गायक अल ग्रीनबरोबर दौरा झाला, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात वाजवून झालं. आणि घरी? लंडनात कुणी हिंग लावून विचारलं नाही. १९७४ला तिसरा अल्बम, मग गाशा गुंडाळला. गोरी पोरं असती तर असं झालं नसतं. झोडपा मला.

बिनसुरा
झोडपतो. त्यांचं ‘डव्ह’ गाणं जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे हो, रेडिओवाला कुठे वाजवणार? तीन अल्बम निघाले, अमेरिका पाहून झाली, बहुतेक बँडना एवढंही मिळत नाही. वेळीच थांबले म्हणून दंतकथा झाली. आणखी दहा वर्षं रेटलं असतं तर डिस्कोच्या लाटेत चमचमते कपडे घालून फिरले असते.

खर्जवाला
पिंक फ्लॉइड या गोऱ्या रॉक बँडचं ‘एकोज’ त्याच १९७१चं, २३ मिनिटांचं! तिथे नाही ती लांबी कुणाला टोचली?

तबकडीकाकू
तुम्ही दोघं लंडनातच अडकलात. खरी गंमत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये झाली. सिमांडेचं ‘ब्रा’ गाणं मध्यावर ऐका. गाणारे गप्प, ब्रास (फुंकायची पितळी वाद्यं) गप्प, उरतो स्टीव्ह सिपियोचा बास गिटार आणि खाली तालवाद्यं. बास अगदी थोड्या सुरांचा, पण पाय जागेवर राहत नाहीत. डीजेंनी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून तेवढाच तुकडा लांबवत नेला. पुढे हिपहॉपवाल्यांनी असे तुकडे आपल्या गाण्यांत वापरले: १९८९ला डी ला सोल या गटाने ‘ब्रा’ उचललं, १९९६ला फ्युजीज या गटाने ‘डव्ह’. बँड केव्हाच बंद, सिपियो आणि गिटारवाला पॅट्रिक पॅटरसन वकिलीकडे वळलेले! (कॉपीराइटच्या जमान्यात याहून सोयीचा धंदा कोणता?)

बिनसुरा
काकू, म्हणजे माझंच म्हणणं झालं. चार्टवर चार आठवडे राहण्यापेक्षा हे बरं.

तबकडीकाकू
छे! वीस वर्षांनी कुणीतरी आपला बास उचलेल म्हणून घरमालक भाड्यासाठी थांबत नाही. ऐकणाऱ्याला दंतकथा गोड लागते, वाजवणाऱ्याचं काय?

खर्जवाला
काकू +१. पुन्हा जमून नवा अल्बम काढायला २०१५ उजाडलं, म्हणजे मधली ४० वर्षं गेली. २०२५ला ‘रेनासन्स’ आला. त्या ४० वर्षांत काय काय वाजलं असतं!

बिनसुरा
बरं, रंगाचा मुद्दा निम्मा मान्य. डिस्कोचा मुद्दा सोडणार नाही. आणि ‘डव्ह’ आत्ता चौथ्यांदा लावलंय, आतून बायको विचारतेय की हे संपणार कधी.